कडेच्या ओळी

नागू,

आपलं शेवटचं बोलणं चार शब्दांचं झालं. त्यातले तीन तुझे. नाकातली ऑक्सिजनची नळी बोटानं जरा बाजूला करून तू म्हणालीस, "सांगितलं होतं की." आणि मी, खाटेच्या पायथ्याशी खुर्ची ओढून मोसंबी सोलत बसलेली एकोणसत्तर वर्षांची म्हातारी, मान वर न करता म्हणाले, "न्हाय." नर्स हसली. तिला वाटलं, दोघींचा काहीतरी खेळ चाललाय. तिचं काय चुकलं? तीस वर्षं आपण सगळ्यांना तसंच वाटू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या शैलजाचा फोन आला. मोसंबीच्या निम्म्या फोडी अजून माझ्याच डब्यात होत्या.

आज बारावा दिवस. संध्याकाळी पाच वाजता तुमच्या पूर्व भागातल्या समाजाच्या हॉलमध्ये कारखान्याची जुनी माणसं जमणार आहेत आणि तुझ्या लेकीनं मला बोलायला सांगितलंय. "मावशी, आईबद्दल तुमच्याइतकं कुणाला ठाऊक न्हाय." सकाळपासून चार वेळा कागद घेऊन बसले, चार वेळा उठले. एकदा कुकर चढवला आणि शिटीच बसवायची विसरले. एकदा कपाटातल्या साड्या काढून काठाला काठ जुळवून परत घडी घातल्या. त्या घडीतच होत्या. मित्रा, माझी नात, चार दिवसांसाठी पुण्याहून आलीय. ती म्हणाली, "आजी, तू एका जागी बस ना जरा." बसले. बसले म्हणून हे लिहितेय. तिथं जे बोलायचंय ते आधी तुझ्यापुढं बोलून बघते. घसा साफ होईल.

आपण कोण होतो हे तिथल्या सुना-नातवंडांना सांगावं लागेल. टॉवेलच्या कारखान्यात एक काचेची खोली होती, तिला कॉम्प्युटर खातं म्हणायचे. मे महिन्यात अख्ख्या कारखान्यात एसी एवढ्या एका खोलीत, आणि तोही मशीनसाठी. माणसं मशीनच्या पुण्याईवर गार. त्या खोलीत तू आधी आलीस, टायपिंगची परीक्षा पास होऊन, आकडे भरायला. मग जाडजूड मॅन्युअल घरी नेऊन, भाकरी थापता थापता वाचून, कुणी न शिकवता प्रोग्राम लिहायला लागलीस. मी दोन वर्षांनी आले. पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स करून. काय ते येणं. डोक्यावर गॉगल, केसांचा बॉयकट, काखेत रेक्झिनची फाइल, आणि गेटवरच्या वॉचमनशी बोलतानाही पुणेरी नाक. ती मंदा आज माझ्या दारात आली तर मी तिला पाणी विचारणार नाही. दोन गल्ल्या पलीकडचा पत्ता देईन आणि दार लावून घेईन.

तू मात्र पहिल्याच दिवशी डबा उघडून म्हणालीस, "एमे, जेवतीस का?" एमे म्हणजे तुमच्या तेलुगूत 'काय गं'. मी म्हणाले, मी दुपारी फक्त सॅलड खाते. मग तुझ्या डब्यातल्या तीन भाकऱ्यांपैकी दोन मी खाल्ल्या.

मला सरळ रेघेचं वेड होतं. अजूनही आहे, माझ्या सुनेला विचार. प्रोग्राम लिहिताना एखादी अट सुरू झाली की तिच्या पोटातल्या ओळी तीन जागा आत सरकवायच्या, त्या अटीत आणखी अट आली की सहा जागा आत, संपली की परत बाहेर. मशीनला ह्याचं काही नव्हतं. आमच्या त्या भाषेत ओळ कुठूनही सुरू करा, मशीन निमूट वाचायचं. हे सगळं वाचणाऱ्या माणसासाठी. पण तुझा प्रोग्राम उघडला की माझ्या डोळ्यांत कचरा गेल्यासारखं व्हायचं. सगळं नीट आत-बाहेर चाललंय आणि मधेच एखादी ओळ एकदम डाव्या कडेला चिकटलेली. पंगत शिस्तीत बसलीय आणि एकजण ताट घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसलाय, तशी.

"हे काय गं गबाळं?" मी विचारलं.

तू कीबोर्डवरचा हात न काढता सांगितलंस. तुमच्या घरी चादरींचे माग होते. विणताना कुठं तार तुटून फट राहिली तर तुझे वडील काठाला लाल दोऱ्याचा तुकडा बांधायचे आणि पुढं विणायचे. संध्याकाळी तू आणि तुझी आई ते कापड पसरायचात. अख्खं कापड तपासायचं नाही, नुसता काठावरून हात फिरवायचा. दोरा हाताला लागला की थांबायचं, त्याच्या समोर आत बघायचं, रफू करायचं. "ही ओळ चालतीय, मंदा. पण मला खरी वाटत न्हाय. म्हणून काठाला ठेवली. खात्री झाली की आत घ्यायची."

हे तू मला सांगितलंस, नागू. माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात, डाव्या बाजूच्या खुर्चीवर बसून, नीट, स्वच्छ सांगितलंस. एवढं एक वाक्य कागदावर उतरायला मला आज सकाळच्या चार बैठका लागल्या. आणि त्याआधीची तीस वर्षं.

आता बाकीचं.

आपला सगळ्यात मोठा प्रोग्राम रंगखान्याचा. रंगाचा नंबर आणि सुताचं वजन टाकलं की कुठली पूड किती, मीठ किती, सोडा किती, याची चिठ्ठी बाहेर यायची. ती घेऊन पोऱ्ये रंगखान्यात जायचे आणि रंगमास्तर हमीदचाचा तशी टाकी भरायचे. प्रोग्राम बहुतेक तुझा. त्यातली एक ओळ मिठाची होती. गडद रंगाला मीठ सुताच्या वजनावर मोजायचं की टाकीतल्या पाण्यावर, याची तुला खात्री नव्हती. लहान टाकीत दोन्ही हिशोब जवळजवळ सारखे यायचे. मोठ्या टाकीत फरक पडायचा. म्हणून ती ओळ कडेला. गडद रंगाचा लॉट आला की तू पडद्याच्या डाव्या कडेवरून नजर फिरवायचीस, उठायचीस, पदर खोचून रंगखान्यात जायचीस, चाचांना विचारून यायचीस आणि मगच चिठ्ठी काढायचीस. मी एसीत बसून नखं बघायची.

ह्या गबाळेपणावर मी इलाज काढला. असा एक छोटा प्रोग्राम लिहायचा, की जो बाकीचे प्रोग्राम वाचेल आणि त्यांच्या ओळी आपोआप सरळ करेल. आधी प्रत्येक ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा उडवायच्या, मग मोजत जायचं. 'इफ', म्हणजे अट, दिसलं की पुढच्या ओळी तीन जागा आत. 'एंडइफ', म्हणजे अट संपली, दिसलं की तीन जागा बाहेर. मधे 'एल्स', म्हणजे 'नाहीतर', आलं तर तेवढ्या ओळीपुरतं बाहेर येऊन परत आत. मी साहेबांना सांगून टाकलं, चहाच्या सुट्टीपर्यंत होतं. आठ दिवस लागले.

पहिल्या दिवशी ओळी आत गेल्या त्या बाहेर यायचं नावच घेईनात. प्रत्येक अटीला आणखी तीन जागा उजवीकडे. शेवटाला पोचेपर्यंत प्रोग्राम कागदावरून पलीकडं पडायला आलेला, आणि प्रिंटर बिचारा कोऱ्या कागदाच्या टोकाला दोन-दोन अक्षरं ठोकत बसला. तिसऱ्या दिवशी भलतंच. तू एका ठिकाणी टीप लिहिली होतीस, 'इफ चाचा सेज सो'. मशीन टिपा वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात. पण माझा दीडशहाणा प्रोग्राम ओळीत कुठंही 'इफ' दिसलं की तिला अट समजायचा. चाचा म्हणाले तर, एवढ्यावर पुढच्या सगळ्या ओळी तीन जागा आत.

तू हसून हसून खुर्चीवरून उतरलीस. मग रंगखान्यातून सुताच्या ओंजळभर रिकाम्या कांड्या घेऊन आलीस. "मी वाचते. अट उघडली की टेबलावर एक कांडी ठेव, मिटली की उचल. शेवटाला टेबल मोकळं झालं पायजे." दोन दिवस आपण तेच केलं. तू वाचायचीस, मी कांड्या ठेवायची-उचलायची. शेवटी टेबलावर एक कांडी उरली आणि आपल्याला कळलं, कुठली अट मिटायचीच राहिलीय. माझ्या सगळ्या कोर्सात मला कुणी एवढं नीट शिकवलं नव्हतं. ते मी तेव्हा बोलले नाही. गॉगलवाल्या बायका तसं बोलत नाहीत.

प्रोग्राम जमला त्या संध्याकाळी तू पिशवी आवरता आवरता म्हणालीस, "माझ्या कडेच्या ओळींना तेवढा हात लावू नकोस हां."

"व्हय व्हय."

"आत्ताच लिही की. दोन ओळी लागतील."

"लिहिते गं. जा तू, गाडी चुकंल."

तू भाचीच्या लग्नाला वारंगलला गेलीस. दोनच ओळी होत्या, नागू. ओळीच्या आधी मोकळी जागा नसेल, तर तिला सोडून पुढं जा. एवढंच. मी कीबोर्डवर हात ठेवले. आणि मला दिसलं, की ह्या दोन ओळी लिहिल्या तर तुझं गबाळं जिथल्या तिथं राहणार. मग आठ दिवस मी केलं काय? साहेबांपुढं मला छापील कागद पसरायचा होता, धुऊन इस्त्री केल्यासारखा. मी मनाशी म्हणाले, नागू आली की करेल परत कडेला, तिच्या लक्षात असतंच सगळं. आणि मी ते चालवलं. एकामागून एक, तुझे सगळे प्रोग्राम. फ्लॉपीत जागा कमी होती म्हणून जुन्यावरच नवं चढवलं. पडद्यावर काय सुंदर दिसत होतं. एक ओळ इकडची तिकडं नाही. साहेब चष्मा वर करून म्हणाले, "वा मंदाताई, ह्याला म्हणतात काम." मी त्या दिवशी घरी जाताना पेढे घेतले.

तिसऱ्या दिवशी मरून रंगाचा लॉट आला. मोठा, परदेशी जाणारा, मोठ्या टाकीतला. डावीकडं बघायला काही उरलंच नव्हतं. मी नंबर टाकला, वजन टाकलं, चिठ्ठी काढली, पाठवून दिली. सूत बाहेर आलं ते कुठं वांग्यासारखं, कुठं विटेसारखं. एका लडीत तीन-तीन रंग.

तू सोमवारी हातावर मेंदी घेऊन कामावर आलीस ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये. ही ओळ कुणाची? माझी, साहेब. शंका होती तर सांगायचं नाही का? "सांगितलं होतं की साहेब. कडेला ठेवली होती ओळ." साहेबांनी माझा इस्त्रीचा कागद पुढं सरकवला. "कुठाय कडेला?" तू कागद बघितलास. वरून खाली, डाव्या काठावरून बोट फिरवत, अगदी शेवटापर्यंत. मग माझ्याकडं बघितलंस.

हमीदचाचा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "हर बखत ये बच्ची पूछने आती थी साहब. इस बखत कोई आयाच नहीं." साहेब माझ्याकडं वळले. "मंदाताई, तुम्हाला ह्या कडेच्या ओळींचं काही बोलल्या होत्या ह्या?"

मी म्हणाले, "नाही."

असा स्वच्छ, पुणेरी 'नाही'.

तू कागदावरचं बोट उचललंस. कागद साहेबांकडं परत सरकवलास. मग तू म्हणालीस, "राहिलं असंल माझ्याकडनं सांगायचं."

त्याच महिन्यात आमच्या ह्यांची मिल बंद पडली होती. घरात माझी एकटीची नोकरी. तुला ते ठाऊक होतं, ह्यांच्या मिलच्या गेटवर कुलूप लागल्याची बातमी मला तूच आणून दिली होतीस. म्हणून तू तसं म्हणालीस का? मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आधी कबूल करावं लागलं असतं.

तुझे प्रोग्राम काढून घेतले. तुला सुताच्या गोदामात पाठवलं, गोण्यांवर रंगाच्या चिठ्ठ्या डकवायला. अकरा वर्षं. तिथं सुताचे बारीक तंतू हवेत तरंगत असायचे, उन्हाच्या तिरपीत पाऊस पडल्यासारखे दिसायचे. तू जेवायला काचेच्या खोलीत यायचीस तेव्हा तुझ्या भुवयांवर पांढरं बसलेलं असायचं. मी म्हणायची, "म्हातारी झालीस की गं." आणि हसायची. यंदा डॉक्टरांनी तुझ्या छातीचे फोटो उजेडावर धरले आणि विचारलं, "ह्या कुठं कामाला होत्या?" शैलजा म्हणाली, कॉम्प्युटरवर; गोदामाची अकरा वर्षं तिनंही सांगितली नाहीत. मी गप्प बसले. वयच झालं होतं म्हण, पंचाहत्तर. मी मला तसंच सांगते. बारा दिवस सांगतेय.

आणि एवढं होऊन चौथ्या दिवशी तू डबा घेऊन माझ्या टेबलाशी आलीस. शेंगाचटणी झाकणात काढलीस, भाकरी मोडलीस आणि तोंडात घास ठेवत म्हणालीस, "सांगितलं होतं की." मी म्हणाले, "न्हाय." तू हसलीस. मी ते हसणं धरून ठेवलं. त्यानंतर आपण तेच केलं. शैलजाच्या लग्नात, मांडवात. माझ्या निरोपसमारंभात, हार गळ्यात असताना. हे गेले तेव्हा, तेराव्याला, मला हसू यावं म्हणून. "सांगितलं होतं की." "न्हाय." बाकीच्यांना ते मैत्रिणींचं गुऱ्हाळ वाटायचं. मला तो आडोसा झाला होता. थट्टा केली की प्रश्न परत कुणी विचारत नाही. तुला तो काय होता? दर वेळी तू मला दार उघडून देत होतीस का, की आत्ता तरी व्हय म्हण? हे मला आत्ता सुचतंय. दवाखान्यात, नळी बाजूला करण्याइतका दम गोळा करून, तू काय विचारत होतीस?

मी मोसंबी सोलत होते, नागू.

मित्रा कॉम्प्युटरचंच काम करते. तिनं लहानपणापासून ऐकलंय, आजीनं एकटीनं ओळी सरळ करणारा प्रोग्राम लिहिला होता. मित्रमैत्रिणींना अभिमानानं सांगते. "आजी, आता ते एका बटणात होतं," म्हणते, "पण तू हातानं लिहिलास, आणि तेही सोलापुरात." त्या गोष्टीत मी कांड्या कधी येऊ दिल्या नाहीत. परवा तिच्या लॅपटॉपवर ती मला दाखवत होती. तिच्या भाषेत ओळ किती आत आहे त्यावर अर्थ ठरतो, एक जागा चुकली की मशीन अडून बसतं. मी तिला म्हणाले, मला तो जुना प्रोग्राम परत लिहून बघू दे. आठवेल तसा सांगत गेले, ती लिहीत गेली. सगळ्यात आधी त्या दोन ओळी सांगितल्या. तिनं विचारलं, "कडेची ओळ सोडून द्यायची? का?" मी म्हणाले, तशीच पद्धत असते. अजून तेच, बघ. नातीपुढंसुद्धा.

आता कागदाचं.

सहाव्या दिवशी शैलजा आली. तुझं रेशनकार्ड, शाळेचा दाखला ठेवायची प्लास्टिकची पिशवी असायची ना, तिच्यात एक घडी घातलेला लांब कागद निघाला. कडेला भोकं असलेला, आपल्या प्रिंटरचा. आपण जुने कागद घरी न्यायचो, पोरांना पाठकोरे म्हणून. एका बाजूला शैलजाची पाचवीतली गणितं, पेन्सिलीनं. दुसऱ्या बाजूला रंगाचा प्रोग्राम. माझ्या इस्त्रीच्या आधीचा. मिठाची ओळ डाव्या कडेला, एकटी. आणि तिच्या शेजारी लाल बॉलपेननं लिहिलेलं, 'नागूची शंका. मीठ सुतावर की पाण्यावर? चाचांना विचारल्याशिवाय चिठ्ठी काढू नये.' खाली 'मं', त्याला ती माझी नखऱ्याची शेपटी.

तू सांगितलं होतंस एवढंच नाही, मी माझ्या हातानं ते लिहूनही ठेवलं होतं. आणि तो कागद तुझ्याकडं होता. केबिनमधल्या सोमवारी घरी होता की नंतर कधी सापडला, आता कोण सांगणार. पण सापडल्यावर तू तो दाखल्यांच्या पिशवीत घातलास. एकदा साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला असतास तर गोदामातून दुसऱ्या दिवशी बाहेर आली असतीस. पिशवीत घालून भाकरी थापायला बसलीस. मला राग येतो, नागू. खरंच येतो. एवढं चांगलं वागायचा तुला काय अधिकार होता? मला एकदा तरी शिवी द्यायचीस. तुमच्या तेलुगूत "वद्दु", नको, म्हणून ताट ओढून घ्यायचंस. मी निदान भांडले असते.

शैलजा म्हणाली, "मावशी, आईनं हाच कागद का ठेवला असंल हो?"

मी कागद उलटा केला, गणितांची बाजू वर. म्हणाले, "तुझं अक्षर आहे ना त्याच्यावर. तुझ्यासाठीच ठेवला असेल."

ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आता ती गणिताची शिक्षिका आहे; तिला वाटलं, आईनं तिथूनच ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं तो लॅमिनेट करून आणला. आज हॉलमध्ये तुझ्या फोटोशेजारी ठेवणार आहे. गणितं पुढं, मी मागं.

म्हणून मी सकाळपासून उठबस करतेय. खरं बोलायचं तर त्या पोरीच्या हातातली आईची ती एक गोष्ट मला काढून घ्यावी लागेल, आणि गेली तीस वर्षं ती मला मावशी म्हणतेय तेही कदाचित जाईल. गप्प बसायचं तर पाच मिनिटं चांगलं बोलता येईल, मला बोलता येतं. तुझ्या कष्टांबद्दल, हसण्याबद्दल. लोक डोळे पुसतील. आणि तू फोटोतून बघशील, त्या केबिनमधल्यासारखी.

इथवर लिहिलं आणि पाचव्यांदा उठले. पण ह्या वेळी शैलजाला फोन लावला. म्हटलं, हॉलमध्ये सगळ्यांपुढं कळण्याआधी तिला एकटीला कळू दे.

"शैलजा, त्या कागदाबद्दल मी तुला खोटं सांगितलं. त्याची मागची बाजू..."

"वाचली की," ती म्हणाली.

मी पेनाला टोपण लावलं.

"मला आईचं कडेच्या ओळींचं ठाऊक हाय, मावशी. ती घरात वाणसामानाची यादी करायची तर नक्की नसलेलं कडेला लिहायची. आणि तुमच्या सहीची ती शेपटी कुणाला ओळखू येत न्हाय? दिवाळीच्या प्रत्येक पाकिटावर असती." तिचा आवाज शिक्षिकेचा होता, वर्गात कुणीतरी कॉपी केल्यावरचा. "मी विचारलं तेव्हा तुम्ही कागद उलटा केलात. मग मला कळलं, गोदामात आई का गेली ते."

"मग बोलली का नाहीस?"

"आई बोलली का?"

पलीकडं खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. ती कुणाला तरी म्हणाली, सतरंजी पुढं सरकवा. मला वाटलं, फोन ठेवला.

"तू म्हणशील तर मी येत नाही," मी म्हणाले.

"याच. म्हणून तर बोलायला तुम्हाला सांगितलं. गणितं आईनं माझ्यासाठीच ठेवली, ते मी मानणार हाय, त्यात तुमचं काही चालणार न्हाय. पण आज कागद दोन्ही बाजूंनी दिसंल असा उभा करतीय." मग म्हणाली, "तुमचे ते साहेब येणार हायेत, त्यांचा मुलगा घेऊन येतोय. पुढच्या रांगेत बसवते त्यांना."

"बरं."

"त्यांना आता ऐकू कमी येतं, मावशी. जरा मोठ्यानं बोला."